एका ओळीचं वचन आणि आधारची झेरॉक्स

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. ज्यांनी आयुष्यात एकदा तरी शोधनिबंध छापायला पाठवलाय, ज्यांच्या घरात कुणी पीएचडी करतंय किंवा नेट-सेट होऊन सीएचबीवर शिकवतंय, त्यांनी तर वाचाच.

मागच्या महिन्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. दोन कॉलेजांत तासिकेवर शिकवते, सकाळी एक, दुपारी दुसरं. आली ती चिडलेली होती, आणि थोडी घाबरलेलीही.

झालं असं, की तिला एका अनोळखी माणसाचा फोन आला. "मॅडम, तुमचा पेपर वाचला, छान आहे. आणखी पेपर पाहिजेत का? तयार मिळतील. पुस्तकात चॅप्टरही लावून देऊ." असे फोन आपल्या क्षेत्रात सगळ्यांनाच येतात. तिने ठेवून दिला. पुन्हा आला. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही इंदिरानगरला राहता ना? मीच येतो भेटायला."

तिने त्या रात्री स्वतःचं नाव इंटरनेटवर शोधलं. पहिल्याच पानावर एक पीडीएफ निघाली. दोन वर्षांपूर्वी एका छोट्या त्रैमासिकाला तिने लेख दिला होता, त्याच्या कॉपीराइटचा फॉर्म. पूर्ण नाव, जन्मतारीख, घरचा पत्ता, मोबाइल, सही. दुसऱ्या पानावर आधार कार्डाची झेरॉक्स, दोन्ही बाजू. तिसऱ्या पानावर बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान.

"सर, हे त्यांनीच टाकलंय?"

"मुद्दाम नसेल टाकलं गं. छापलेल्या लेखांच्या फाइली ज्या फोल्डरात, त्याच फोल्डरात फॉर्म ठेवले असतील. आणि त्या फोल्डराला कुलूपच नाही. गुगलला दार उघडं दिसलं की ते आत जातं."

आता यातला खरा बोचणारा भाग ऐका. तिचा लेख होता दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागांत काम करणाऱ्या मजूर बायकांवर. त्या बायकांची नावं तिने बदलली होती. गावांची नावं बदलली होती. कोणत्या बागेत कोण किती मजुरीवर होतं, हे कुणाला ओळखू येऊ नये म्हणून दोन तक्ते पुन्हा केले होते. संशोधनात माहिती देणाऱ्याची ओळख जपायची असते, हे आम्हीच तिला शिकवलं होतं. तिने ते मनापासून पाळलं. आणि ज्या नियतकालिकाकडे तिने तो लेख विश्वासाने सोपवला, त्याने तिचा आधार नंबर जगासमोर ठेवला.

तिने संपादकांना मेल केला. उत्तर आलं, ते जवळपास असं: काही होत नाही मॅडम, सगळेच देतात, आपल्याकडे कुणाला काय पडलंय. तिने फाइल काढायला सांगितलं. तर वेबसाइट बनवणारा फोन उचलत नाही आणि पासवर्ड त्याच्याकडेच आहे. सात आठवडे गेले फाइल निघायला.

त्या त्रैमासिकाचं नाव मी लिहिणार नाही. एकाला झोडून बाकीचे सुटतील, आणि बाकीचे याहून फार वेगळे नाहीत. आज बोलायचंय ते या सगळ्या पद्धतीवर.

ती एक ओळ

अशा कितीतरी नियतकालिकांच्या वेबसाइटवर खाली कुठेतरी 'प्रायव्हसी स्टेटमेंट' असतं. उघडून बघा. बहुतेक वेळा एकच वाक्य सापडेल, तेही इंग्रजीत. मराठीत त्याचा भाव असा: या साइटवर दिलेली नावं आणि ई-मेल पत्ते फक्त या नियतकालिकाच्या सांगितलेल्या कामांसाठीच वापरले जातील, दुसऱ्या कशासाठीही किंवा दुसऱ्या कुणालाही दिले जाणार नाहीत.

ऐकायला किती छान. पण हे वाक्य संपादकांनी लिहिलेलंच नाही.

जॉन विलिन्स्की नावाच्या प्राध्यापकांनी १९९८ मध्ये कॅनडात 'पब्लिक नॉलेज प्रोजेक्ट' सुरू केला. ज्ञान पैशांच्या भिंतीआड अडकू नये, छोट्या संस्थांनाही आपलं नियतकालिक चालवता यावं, हा हेतू. त्यातून २००१ मध्ये 'ओपन जर्नल सिस्टिम्स' हे मोफत सॉफ्टवेअर आलं. आज जगभरची हजारो नियतकालिकं त्यावर चालतात, आपल्याकडचीही. उपक्रम उत्तम आहे, त्याच्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. पण ही ओळ त्या सॉफ्टवेअरसोबत आयती येते. नवीन घर घेतल्यावर बिल्डरने लावलेली नावाची कोरी पाटी असते ना, तशी. तिथे आपलं नाव आपण घालायचं असतं. आपल्या लोकांनी कोरी पाटीच तशीच ठेवली.

आता ती ओळ जरा पीएचडीच्या व्हायवाला बसल्यासारखी तपासा.

ती म्हणते, नावं आणि ई-मेल. मग मोबाइल? जन्मतारीख? आधार, पॅन, पासबुक, फोटो, सही? त्यांच्याबद्दल एक शब्द नाही.

ती म्हणते, सांगितलेल्या कामांसाठी. कुठे सांगितली ती कामं? साइटभर फिरा, यादी मिळणार नाही.

ती म्हणते, दुसऱ्या कुणालाही देणार नाही. आणि छापलेल्या लेखाच्या पहिल्याच पानावर लेखकाचा ई-मेल, कधी मोबाइलही, सगळ्या जगासाठी उघडा. 'डिअर एस्टीम्ड प्रोफेसर' म्हणून रोज जे मेल येतात, ते बरेचदा इथूनच उचललेल्या पत्त्यांवर. त्यासाठी कुणी काही चोरायची गरजही नसते.

शिवाय कितीतरी साइट्सवर याच ओळीला 'मान्य आहे' अशी टिक केल्याशिवाय नोंदणीच पूर्ण होत नाही. म्हणजे ज्याने ती लिहिली नाही तो वचन देतो, ज्याने ती वाचली नाही तो मान्य करतो, आणि याला आपण संमती म्हणतो.

लेखात एक विधान संदर्भाशिवाय आलं तर हेच संपादक लेख परत पाठवतात. "आधार काय?" विचारतात. बरोबरच करतात. मग स्वतःच्या या विधानाला आधार काय, हे त्यांना विचारायचं नाही का?

लागतं किती, मागतात किती

एक लेख छापायला काय लागतं? लेखकाचं नाव, संस्थेचं नाव, ई-मेल. संपलं. संशोधक तोच आहे याची खात्री हवी असेल तर २०१२ पासून 'ऑर्किड' आहे. सोळा अंकी ओळख क्रमांक, मोफत मिळतो, आणि त्यातली कोणती माहिती लोकांना दिसावी हे संशोधक स्वतः ठरवतो.

प्रत्यक्षात काय मागतात? मी गेल्या काही वर्षांतले फॉर्म काढून बघितले. घरचा पत्ता. व्हॉट्सअ‍ॅप नंबर. जन्मतारीख. काही ठिकाणी प्रवर्गसुद्धा. पासपोर्ट फोटो. आधार. पॅन. पासबुक.

पासबुक कशाला? नियतकालिक लेखकाला मानधन देणार असेल तर खातं आणि पॅन मागणं समजू शकतो. इथे पैसे उलट्या दिशेने जातात! लेखक हजार-दोन हजार भरतो, तेही पुष्कळदा कुणाच्या तरी खासगी यूपीआयवर. मग त्याचं पासबुक तुम्हाला कशाला हवंय?

आधार कशाला? "ओळख पटवायला." बरं, ओळख पटवता म्हणजे करता काय? कोण पडताळतं? कुणीही नाही. झेरॉक्स येते आणि फाइलमध्ये जाऊन बसते. सगळीकडे मागतात म्हणून आपणही मागायचं. सिमकार्डाला मागतात, लॉजवर मागतात, मग आपण का मागे राहायचं?

आणि मग ती झेरॉक्स कुठे कुठे फिरते ते बघा. लेखकाने कॉलेज रोडला एखाद्या दुकानात स्कॅन केली, म्हणजे दुकानाच्या कॉम्प्युटरवर एक प्रत. दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवली तर तिथे दुसरी. संपादकाच्या मेलमध्ये तिसरी. सहसंपादकाच्या मोबाइलमध्ये चौथी. डीटीपी करणाऱ्याकडे पाचवी. वेबसाइटवाल्याच्या सर्व्हरवर सहावी. लेख एकदा छापून आला, की या सहापैकी एकही प्रत कुणी पुसत नाही.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपबद्दल तर काय बोलावं. 'विशेषांक – लेखक' असा ग्रुप होतो. शंभर-दोनशे माणसं, सगळ्यांचे नंबर सगळ्यांना. त्यात 'पेपर लिहून देऊ' म्हणणारे दलाल नसतील अशी खात्री कोण देणार? माझ्या माहितीतल्या तीन मुलींनी अशा ग्रुपनंतर नंबर बदलले. त्यांनी तक्रार केली नाही, कारण लेख अजून छापून यायचा होता.

नाही म्हणायची सोय नाही

"मग देऊ नका ना माहिती. जबरदस्ती आहे का?" असं विचारणारे भेटतात. हो, आहे. बंदूक लावलेली नसते एवढंच.

२००९ च्या नियमांनी पीएचडीचा प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापणं बंधनकारक केलं. २०१० मध्ये प्राध्यापकांसाठी एपीआयचे गुण आले. नोकरी गुणांवर, बढती गुणांवर. मागणी आली की दुकानं येतात. मे २०१८ मध्ये यूजीसीने स्वतःच्याच मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ नियतकालिकं एका झटक्यात काढून टाकली. त्याच वर्षी 'करंट सायन्स'मध्ये भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांचं विश्लेषण आलं होतं: विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत शिरलेल्या आणि इतरत्र कुठेही अनुक्रमित नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असू शकतात. मग 'केअर' यादी आली, तिचं काम आपल्याच सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या कक्षाकडे होतं. २०२२ च्या नियमांनी पीएचडीसाठीची शोधनिबंधाची सक्ती काढली. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने 'केअर' यादीही बंद झाल्याचं जाहीर केलं आणि निवड संस्थांवर आणि संशोधकांवर सोपवली.

या साऱ्या उलथापालथीत चर्चा कशाची झाली? दर्जाची. खरं नियतकालिक कोणतं, बोगस कोणतं. जी ४,३०५ नियतकालिकं यादीतून गेली, त्यांच्याकडे जमा झालेल्या लेखकांच्या माहितीचं पुढे काय झालं? हा प्रश्न कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. नियतकालिक बंद पडतं, वेबसाइटचं नाव रिन्यू होत नाही, पण फाइली कुठेतरी राहतात.

आपल्या नाशकात मुक्त विद्यापीठ आहे, आरोग्य विद्यापीठ आहे, पुणे विद्यापीठाशी जोडलेली कितीतरी कॉलेजं आहेत. शेकडो मुलंमुली दरवर्षी लेख पाठवतात. मुलाखतीला चार महिने उरलेले असताना समोर फॉर्म आला, तर सीएचबीवरचा मुलगा "आधार का हवं?" असं विचारेल? तो फॉर्म भरेल, फी भरेल, वर 'धन्यवाद सर' लिहील. याला खुशीचा मामला म्हणत असाल तर म्हणा.

परीक्षक आणि संपादक मंडळ

लेखकांचं झालं. आता दुसऱ्या बाजूचं बघा.

परीक्षण गुप्त असतं असं आपण म्हणतो. लेखकाला परीक्षक माहीत नाही, परीक्षकाला लेखक माहीत नाही. प्रत्यक्षात लेखाच्या वर्ड फाइलच्या 'प्रॉपर्टीज' उघडा, लेखकाचं नाव तिथे लिहिलेलं असतं. परीक्षकाने शेरे टाकले की त्याच्या कॉम्प्युटरवरचं नाव प्रत्येक शेऱ्यावर येतं. ती फाइल तशीच पुढे ढकलायची म्हणजे गुप्तता संपलीच. छोट्या शहरात, छोट्या विषयात, एखाद्या ज्येष्ठाच्या लेखावर 'नाकारावा' असा शेरा मारणाऱ्या तरुण परीक्षकाचं नाव फुटलं तर त्याला पुढची दहा वर्षं मुलाखतींत ते फेडावं लागतं. मग प्रामाणिक शेरा कोण लिहील?

आणि संपादक मंडळ! न विचारता नावं टाकणं हा आपल्याकडे गुन्हा वाटतच नाही. मोठं नाव, फोटो, मोबाइल नंबर, ठोकून दिलं साइटवर. निधन होऊन काही वर्षं झालेली माणसंसुद्धा मंडळावर बसलेली मी पाहिली आहेत.

हे किती गंभीर असतं? हैदराबादच्या ओमिक्स या प्रकाशन कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६ मध्ये खटला भरला. आरोपांतला एक हाच होता, की ज्यांनी होकार दिलेला नव्हता अशा अभ्यासकांची नावं संपादक म्हणून लावली. मार्च २०१९ मध्ये नेवाडातल्या न्यायालयाने ५ कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरण्याचा आदेश दिला. तिथे फीबद्दलची फसवणूक, खोटे दावे असं आणखी बरंच होतं. पण नाव ही माणसाची मिळकत आहे आणि ती न विचारता वापरता येत नाही, हे त्यातून निदान आपल्या लक्षात यायला हवं होतं.

कायदा काय म्हणतो

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टास्वामी खटल्यात एकमताने सांगितलं की खासगीपण हा मूलभूत हक्क आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापासून अठरा महिने दिलेत. म्हणजे मे २०२७.

या कायद्यात आपल्या कामाच्या चार गोष्टी आहेत.

पहिली, संमती ठरावीक कामापुरती, आणि त्या कामाला लागेल तेवढ्याच माहितीपुरती. लेख छापायला पासबुक लागत नाही, तेव्हा फॉर्मवर सही घेतली तरी ती संमती तिथवर पोचत नाही.

दुसरी, काय माहिती घेतो आणि कशासाठी, हे सांगणारी सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याचा पर्याय द्यायचा आहे. आठव्या अनुसूचीत मराठी आहे, मंडळी! मराठी त्रैमासिक, मराठी लेख, मराठी लेखक, आणि त्याच्या हक्काबद्दलचं एकमेव वाक्य इंग्रजीत, हे आता चालणार नाही.

तिसरी, काम झालं की माहिती पुसायची, आणि तक्रार कुणाकडे करायची ते जाहीर करायचं.

चौथी सगळ्यात महत्त्वाची. काम बाहेरच्या माणसाला दिलं तरी जबाबदारी माहिती घेणाऱ्याचीच राहते. "वेबसाइटवाला फोन उचलत नाही" हे उत्तर यापुढे उत्तर नाही. सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. छोट्या त्रैमासिकाला तेवढा दंड कुणी करणार नाही, घाबरवण्यासाठी आकडा सांगत नाही. कायदा या गोष्टीकडे किती गांभीर्याने बघतो, ते कळावं म्हणून सांगतोय.

"२०२७ ला बघू" म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक. २०१६ च्या आधार कायद्याचं कलम २९ (४) वाचा. आधार क्रमांक जाहीरपणे प्रसिद्ध करायला किंवा लावायला मनाई आहे, ती आजही आहे.

"संशोधनाला कायद्यात सवलत आहे" असंही काही जण सांगतील. आहे. पण ती संशोधनासाठी माहितीवर प्रक्रिया करण्यापुरती. लेखकाच्या पासबुकावर तुम्ही कोणतं संशोधन करताय?

"आम्ही छोटे आहोत हो"

हा सगळ्यात प्रामाणिक बचाव आहे, म्हणून त्याला नीट उत्तर देतो.

छोटी नियतकालिकं कशी चालतात ते मला माहीत आहे. संपादक पगार घेत नाही. स्वतःच्या खिशातून पोस्टेज भरतो. रात्री अकराला प्रुफं वाचतो. बायको म्हणते, हे उद्योग कशाला? त्याच्या त्या चिकाटीवर मराठीतलं कितीतरी ज्ञान टिकून आहे. ही नियतकालिकं बंद पडावीत असं मला अजिबात वाटत नाही. ती बंद पडली तर मराठीत गंभीर लिहिणाऱ्याला जागाच उरणार नाही.

पण छोटं असणं हे जास्त गोळा करण्याचं कारण कसं होतं? ज्याच्या घराला कडी नाही, त्याने शेजाऱ्याचे दागिने ठेवायला घेऊ नयेत. आधार मागू नका, म्हणजे सांभाळावं लागणार नाही. पासबुक मागू नका, म्हणजे फुटणार नाही. याला पैसे लागत नाहीत. फॉर्ममधल्या सहा ओळी खोडायला एक पेन पुरतं.

"पूर्वी लेखाखाली लेखकाचा पत्ता छापतच होतो की," असं एक ज्येष्ठ संपादक मला म्हणाले. खरंय. वाचक पत्र लिहायचे, वाद व्हायचे, ओळखी व्हायच्या. पण तो अंक तीनशे वर्गणीदारांकडे जायचा आणि नंतर वाचनालयाच्या कपाटात बसायचा. आज तीच ओळ जगातल्या कुणालाही दोन सेकंदांत मिळते, आणि नको असलेला माणूस थेट दारात येऊ शकतो.

आपल्याच गावातलं उदाहरण घ्या. रामकुंडावर किंवा त्र्यंबकेश्वरी गेलात तर तीर्थोपाध्याय गाव विचारतात, आडनाव विचारतात, आणि वही काढतात. पणजोबा कधी आले, सोबत कोण होतं, त्यांच्या हातची सही. पिढ्यान् पिढ्यांची माहिती. ती पद्धत अगदी निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. पण वही कशासाठी आहे ते सगळ्यांना ठाऊक असतं. कुणाच्या ताब्यात आहे ते माहीत असतं. आणि गुरुजी तुमच्या कुळाचं पान तुमच्यासमोर उघडतात, घाटावर टांगून ठेवत नाहीत. नव्या कायद्यात माहिती घेणाऱ्यासाठी जो इंग्रजी शब्द आहे, त्याचा अर्थही विश्वस्त असाच होतो. हा विश्वस्तपणा गोदाकाठच्या वहीला जमतो, तर पीएचडी झालेल्या संपादक मंडळाला का जमू नये?

मागण्या

संपादक मित्रांनो, राग येऊ द्या, पण यातलं काही अशक्य असेल तर सांगा.

१. आधार, पॅन, पासबुक, जन्मतारीख, प्रवर्ग मागणं आजपासून बंद. ओळख हवी तर संस्थेचा ई-मेल किंवा ऑर्किड घ्या.

२. आजवर जमलेल्या झेरॉक्स आणि स्कॅन नष्ट करा. सर्व्हर, मेल, पेनड्राइव्ह, मोबाइल, सगळीकडून. आणि केल्याचं पुढच्या अंकात छापा.

३. वेबसाइटचे पासवर्ड संपादकाच्या ताब्यात घ्या. छापलेले लेख आणि लेखकांची कागदपत्रं एकाच फोल्डरात ठेवू नका.

४. ती आयती ओळ काढा. तिच्या जागी मराठीत अर्धं पान लिहा: काय घेतो, कशासाठी, कोण बघतं, कधी पुसतो, तक्रार कुणाकडे.

५. लेखकांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप बंद करा. कळवायचं ते मेलने, प्रत्येकाला वेगळं.

६. मंडळावर नाव टाकण्याआधी लेखी होकार घ्या. वर्षातून एकदा यादी तपासा.

७. परीक्षकाकडे जाणाऱ्या आणि त्याच्याकडून येणाऱ्या फाइलींतली नावं पुसा. दोन मिनिटांचं काम आहे.

कॉलेजांच्या प्राचार्यांना आणि संशोधन केंद्रांना एक विनंती. 'केअर' यादी गेल्यापासून नियतकालिक पारखायची जबाबदारी तुमच्याकडे आली आहे. पारखताना आयएसएसएन नंबर बघून समाधान मानू नका. तो निव्वळ ओळख क्रमांक आहे, दर्जाचं प्रमाणपत्र नव्हे. हे नियतकालिक आमच्या मुलांचं काय मागतं आणि ते कुठे ठेवतं, हाही एक रकाना तुमच्या तपासणीत घाला.

आणि लेखक मंडळींनो, आपणही धुतल्या तांदळाचे नाही. मी स्वतः तीन वेळा काही न विचारता आधार पाठवलंय. आता फॉर्म आला की एक ओळीचा मेल टाका: "हे कशासाठी हवं आहे आणि किती दिवस ठेवणार?" दहा जणांनी विचारलं की अकराव्याला विचारावं लागणार नाही. अगदी द्यावंच लागलं तर 'मास्क्ड आधार' द्या, त्यात शेवटचे चारच अंक दिसतात, आणि प्रतीवर तारीख आणि कारण लिहा. आज रात्री स्वतःचं नाव एकदा शोधून बघा. काही सापडलं तर त्या पानाचा फोटो आधी काढून ठेवा, मग लेखी कळवा. फाइल निघाल्यावरही शोधात काही दिवस दिसत राहते, ती काढायची विनंती गुगलकडे वेगळी करता येते.

माझी विद्यार्थिनी आता पुढचा लेख लिहितेय. त्याच बायकांवर. मी विचारलं, कुठे पाठवणार? म्हणाली, "सर, आधी त्यांचा फॉर्म बघते, मग ठरवते."

संपादकांनो, चांगला लेख हवा असेल तर यापुढे तुमचा फॉर्मही परीक्षणातून जाणार आहे.

तुमचे अनुभव खाली लिहा. नियतकालिकाचं नाव नको, आणि कृपा करून कुणाचा नंबर, कुणाच्या फॉर्मचा फोटो कमेंटमध्ये टाकू नका. नाहीतर आपणही तेच केलं असं होईल.